पानमळ्याच्या ताटीवरचा प्रश्न

आमच्या मृदाशास्त्र विभागात पदव्युत्तर संशोधनाचे विषय ठरत, तेव्हा मुलांच्या वाट्याला शेत येई आणि मुलींच्या वाट्याला कुंड्या. हा नियम कोणी केलेला नव्हता. म्हणूनच तो मोडायचा कसा, हेही कोणाला ठाऊक नव्हते. मुलींची गैरसोय होते, उन्हातान्हात फिरावे लागते, खेड्यात स्वच्छतागृह नसते, अशी कारणे काळजीच्या सुरात सांगितली जात आणि मुली शेडनेटखाली रांगेने मांडलेल्या कुंड्यांना पाणी घालत राहत. मला कुंड्यांविषयी राग नाही. कुंडीतली माती आज्ञाधारक असते. जेवढे पाणी द्याल तेवढेच तिला मिळते, जे मिसळाल तेच तिच्यात असते. पण मी फलटणकडच्या ऊसपट्ट्यात वाढलेली. आज्ञाधारक माती मी कधी पाहिलेली नव्हती आणि तिच्यावर प्रबंध लिहिण्याची मला इच्छाही नव्हती.

मी पानमळा मागितला. मिरजेच्या पूर्वेकडच्या गावांत नागवेलीचे जुने मळे आहेत. शेवगा-शेवरीच्या उंच झाडांवर वेली चढवलेल्या असतात, आत दिवसाही हिरवट अंधार आणि सतत ओल. याच ओलीत मुळे कुजतात आणि बघता बघता ओळीच्या ओळी वाळतात. शेतकरी त्याला मर म्हणतात. निरोगी ओळ आणि मर लागलेली ओळ यांच्या मातीत हंगामभर काय काय बदलते, हे मला ठरावीक अंतराने नमुने काढून पाहायचे होते. आमच्या मार्गदर्शक सरांनी बराच वेळ विषयाच्या कागदाकडे पाहिले आणि होकार दिला. सोबत एक अटही घातली. विभागाच्या प्रकल्पात पीएच.डी.साठी एकच जागा येणार होती. हंगामभराची अखंड आकडेवारी ज्याच्या हाती असेल, त्याचा विचार आधी होईल, असे ते म्हणाले. ती जागा मला हवी होती. हे मी तेव्हाही लपवले नव्हते.

मळा मिळाला तो वर्गमित्राच्या ओळखीने. तो तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा; त्याचा स्वतःचा प्रयोग मात्र कुंड्यांतला होता, कारण त्याला आठवडाअखेर घरी बागेत हजर राहावे लागे. एवढ्या कारणासाठी मुलाला कुंड्या मिळू शकतात, हे मला त्या वर्षी कळले. मळ्याचे मालक जैन शेतकरी, मृदू बोलणारे, पाहुण्याला चहा पाजल्याशिवाय सोडायचे नाहीत. पण मळ्याच्या ताटीवर अधिकार चालत असे तो त्यांच्या आत्याचा. साऱ्या गावाची ती आत्याबाई. सत्तरी ओलांडलेली, ताठ बसणारी.

मी दर पंधरवड्याला सातार्‍याहून निघून आदल्या संध्याकाळी माधवनगरला मावशीकडे उतरत असे आणि सकाळच्या एस.टी.ने मळा गाठत असे. पिशवीतून माती काढायच्या ऑगरचा दांडा बाहेर डोकावे. कंडक्टरने एकदा तो निरखून विचारले, ताई, बोअर मारायला चालला काय, मारणार असाल तर आमच्याबी रानात या. पुढे तो मला बोअरवाल्या ताई म्हणूनच हाक मारू लागला.

पानमळ्यात शिरण्याची रीत ठरलेली होती. चपला ताटीबाहेर. मग आत्याबाई पाण्याची कळशी पुढे सरकवायची. पाय घोट्यापर्यंत धुवायचे. या रीतीवर मी मनापासून खूश होते. मर पसरवणारे जंतू ओल्या चिखलातून, पायांतून, चपलांतून एका मळ्यातून दुसऱ्यात जातात. कोणा पूर्वजाने हे पाहून नियम केला असेल किंवा केवळ वेलीला देवपण दिले असेल. नियम मात्र मातीच्या परीक्षेत उतरत होता. तसे मी माझ्या निरीक्षणांत लिहिलेही.

पाय धुऊन झाले की आत्याबाई प्रत्येक बाईला एकच प्रश्न विचारत असे. आज चालतंय न्हवं? विटाळशी बाई आत गेली तर पाने करपतात, वेल बसते, अशी तिथली श्रद्धा. पुरुषांना अर्थातच काही विचारले जात नसे. वेली बांधायला येणाऱ्या बाया मान हलवून आत जात. पहिले काही महिने मीही मान हलवली, कारण ते खरे होते आणि मी घाईत होते. पण दर वेळी परतीच्या बसमध्ये मला त्या मान हलवण्याचा त्रास होई. कळशीतल्या पाण्यामागे कारण होते. या प्रश्नामागे नव्हते. आणि ज्या दिवशी उत्तर खरे नसेल, तो दिवस दिनदर्शिकेत मला आधीच दिसत होता.

त्या दिवसाच्या आदल्या रात्री मी मावशीला हे सांगितले, तेव्हा ती भाकरी थापतच म्हणाली, हो म्हणून मोकळी हो, आम्ही नाही का म्हटलं आयुष्यभर. वर्गमित्राने फोनवर वेगळा तोडगा सुचवला: मी येतो, तू बाहेर बस, ऑगर मी फिरवतो. दोघांचेही माझ्यावर प्रेम होते. दोघांच्याही सल्ल्यात माझ्या हातून काहीतरी जात होते. एकात शब्द, दुसऱ्यात ऑगर.

सकाळी मी पाय धुतले. आत्याबाईने प्रश्न विचारला.

“आत्याबाई, याचं उत्तर मी आजपासून देणार नाही.”

“म्हंजी?”

“म्हणजे हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही.”

“मग न्हाईच की,” ती म्हणाली आणि कळशी मागे ओढून घेतली.

मालक धावत आले. त्यांचा आवाज चढला नाही. तुमचं शास्त्र तुमच्यापाशी, पण वेल माझ्या बापजाद्यांची हाय, एवढेच ते म्हणाले. मी रित्या हाती परतावे, हेही त्यांना बघवेना. पिशव्या द्या, माती मीच काढून आणतो, असे म्हणून ते आत गेले. थोड्या वेळाने बाहेर आले ते दोन्ही पिशव्या गच्च भरून. माती काळीभोर, भुसभुशीत. खडे वेचलेले, मुळ्या झटकलेल्या. कुठून काढली, असे मी विचारले. पाटाच्या कडेची, तिथंच वेल सगळ्यांत झोकात हाय, असे त्यांनी अभिमानाने सांगितले. निरोगी ओळीची पिशवीही तिथलीच आणि मर लागलेल्या ओळीचीही तिथलीच. दारी आलेल्या माणसाला वाळक्या ओळीतली माती द्यायची, हे त्यांच्या मनालाच पटले नव्हते. आमच्याकडे पाहुण्याला परसातले देतात तेसुद्धा निवडून देतात.

मी म्हटले, “मला चांगली माती नको आहे, खरी हवी आहे.”

त्यांना ते लागले. मलाही ते बोलताना कळत होते. पिशव्या मी त्यांच्या अंगणातल्या तुळशीपाशी रिकाम्या केल्या आणि परत आले. माझ्या तक्त्यात त्या पंधरवड्याची ओळ कोरी राहिली.

सरांनी ती पाहिली आणि मागच्या-पुढच्या आकड्यांवरून अंदाज बांधून भरता येईल, असे सुचवले. तशी पद्धत आहे, हे मलाही माहीत होते. अंदाज म्हणून स्पष्ट लिहिले तर ती लबाडीही नाही. मी नको म्हटले. मग ते थेट बोलले. एक ओळ कोरी चालून जाईल, दुसरी राहिली तर जागेचा विचार सोड. पुढच्या वेळी त्या म्हातारीला हो म्हण.

पुढची वेळ सोपी होती. त्या दिवशी हो हेच खरे उत्तर होते. एक शब्द, तोही खोटा नाही, आणि हंगाम सावरला असता. बसमध्ये मी या मुद्द्याची दोन्ही बाजूंनी तपासणी केली. सोयीचे असेल तेव्हा उत्तर दिले, तर गैरसोयीच्या दिवशीचे माझे मौन हेच उत्तर ठरते. आत्याबाईने ते पहिल्याच दिवशी बरोबर ओळखले होते: मग न्हाईच की. मौनाला अर्थ हवा असेल तर ते दोन्ही दिवशी पाळायला हवे.

ताटीशी मी चपला काढल्या. कळशी पुढे आली नाही.

“आज तर चालत असंल,” आत्याबाई म्हणाली. “दिस मोजता येत्यात मला.”

“असेल.”

“मग सांग की.”

“नाही सांगणार.”

“आगं, खरं बोलायला काय जड जातंय तुला?”

खरे तर काहीच जड जात नव्हते; जड जात होते ते न बोलणे. आत वेली बांधणाऱ्या बायांचे हात थांबलेले मला दिसत होते. त्यांच्यात शेजारच्या वस्तीवरची, मुसलमान घरातली एक बाई होती, माझ्या आईच्या वयाची. तिने मान न वळवता, हातातली गाठ आवळत म्हटले, “आवं आत्याबाई, सोडा तिला आत. खरं सांगत न्हाई, पर खोटंबी सांगत न्हाई. आमच्यापरास बरी हाय.”

कोणी हसले नाही. दिवसाची मजुरी बुडू नये म्हणून महिन्याच्या महिन्याला ताटीवर काय सांगितले जाते, हे त्या बायांना माहीत होते. आत्याबाईलाही ते कधीचेच माहीत असावे, असे मला तिच्या चेहऱ्यावरून वाटले. तिने समोरच्या वेलीकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. वेल हिरवीगार होती. मग तिने पायाने कळशी माझ्याकडे सरकवली.

“पाय धू,” ती म्हणाली. “नीट धू. घोट्याच्या मागं चिखूल हाय.”

त्यानंतर हंगाम संपेपर्यंत तिने मला तो प्रश्न विचारला नाही. इतर बायांना विचारत राहिली. हा विजय होता असे मी म्हणणार नाही. एका ताटीवर एका मुलीपुरती पडलेली फट होती. मालक मात्र पुढे स्वतःच मला वाळक्या ओळींकडे नेऊ लागले. ही घ्या तुमची खरी माती, असे म्हणत. त्यात थोडा टोमणा असे, थोडी समजूत.

प्रबंधात त्या कोऱ्या ओळीखाली मी कारण लिहिले: मासिक पाळीसंबंधीच्या प्रश्नाचे उत्तर देण्यास संशोधिकेने नकार दिल्यामुळे त्या दिवशी क्षेत्रात प्रवेश मिळाला नाही. मौखिक परीक्षेत निकालांवर फार चर्चा झाली नाही. बराच वेळ या वाक्यावर गेला. बाहेरून आलेले परीक्षक सज्जन होते. प्रबंध ग्रंथालयात जातो, लोक वाचतात, तेव्हा ‘अपरिहार्य कारणास्तव’ एवढेच ठेवावे, असे त्यांनी सुचवले. सरांनी माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात पीएच.डी.ची जागा होती, हे मला स्पष्ट कळले.

“सर, ते कारण अपरिहार्य नव्हतं,” मी म्हणाले. “टाळता आलं असतं. म्हणूनच लिहिलं आहे.”

वाक्य राहिले. जागा गेली. अखंड आकडेवारी कुंड्यांची होती, ती वर्गमित्राची. घेऊ का, असे त्याने मला फोन करून विचारले होते. मी घे म्हटले. त्याच्या कुंड्यांनी कोणाचे काही वाईट केले नव्हते.

मी दुसऱ्या विद्यापीठात अर्ज केला, विषय तोच ठेवून, आता एका मळ्याऐवजी अनेक मळ्यांवर. हंगामभर अखंड नमुने मिळतील याची खात्री काय, असे मुलाखतीत विचारले गेले. खात्री नाही, असे मी सांगितले. जिथे खंड पडेल तिथे कारण लिहिलेले सापडेल. त्यांनी मला घेतले.

आता माझ्या तक्त्यात ओल, सामू, सेंद्रिय कर्ब यांच्या शेजारी प्रवेशाचा एक रकाना असतो. नव्या मळ्याच्या ताटीशी मी चपला काढते, पाय घोट्याच्या मागपर्यंत धुते, आणि प्रश्न आला की उत्तर देत नाही. काही ताट्या उघडतात. ज्या उघडत नाहीत, त्यांची नोंद होते.