दोन गळ्यांचे डबलभाऊ

आमच्या ऑर्केस्ट्रातले डबलभाऊ युगुलगीत एकटेच गात. पुरुषाची ओळ भरदार आवाजात, आणि बाईची अशी नाजूक, की लोक पडद्यामागे गायिका शोधायला येत. मी ढोलक वाजवायचो, रोज शेजारी बसायचो, तरी कधीकधी मलाही वळून बघावंसं वाटे.

त्या दुसऱ्या आवाजाला ते ‘बाई’ म्हणत. एरवी कुणाला न जुमानणारा माणूस, पण बाईचे लाड फार. ब्रह्मपुरीच्या उन्हात आम्ही बर्फाचे गोळे चोखायचो, तेव्हा हे कोमट पाणी पीत. “बाईले थंड सोसत नाई गा,” म्हणत. त्यांची बायको हसायची, “माह्यापेक्षा तिचीच फिकर जास्त करते हा माणूस!”

मग एका हिवाळ्यात त्यांचा गळा दुखू लागला. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी बजावलं, पुन्हा बारीक आवाज काढलात तर तो कायमचा जाईल. म्हणून अहेरीच्या कार्यक्रमासाठी आम्ही नागपूरची एक गायिका ठरवली, पोस्टरवर तिचं नाव ठळक छापलं. तिची एसटी आलीच नाही.

सुरुवातीची गाणी लोकांनी ऐकून घेतली. मग “बाई कुठी हाय? बाई दाखवा!” सुरू झालं. एक दगड ड्रमवर आदळला. मागची पोरं कनातीचे बांबू उपटू लागली. डबलभाऊ उठले तसा मी त्यांचा सदरा धरला.

“भाऊ, नका. डॉक्टर काय म्हणाले?”

“वाजव तू. हे पोट्टे डोस्के फोडतीन आपले.”

ते थेट दिव्याखाली जाऊन उभे राहिले आणि गाऊ लागले. मिशीवाल्या माणसाच्या तोंडून बाईचा आवाज निघताना बघून मैदान गप्प झालं. मग शिट्ट्या, “वन्स मोअर!” ते पुन्हा गायले. दुसऱ्या कडव्यात बाईची ओळ मध्येच फाटली. पुढे नुसती हवा. मी थांबणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं कुणीतरी ती ओळ उचलली. मग दोघीतिघींनी, मग सगळ्यांनीच. डबलभाऊ आपली ओळ गात, त्या उत्तर देत. गाणं पुरं झालं, आम्ही वाचलो. मला मात्र रडू आवरेना.

सकाळी ते आम्हाला सोडून, घरी जायला एकटेच ब्रह्मपुरीच्या गाडीत जाऊन बसले. “तुमचा स्वतःचा आवाज शाबूत आहे, भाऊ. पार्टी सोडू नका,” मी विनवलं.

त्यांनी खिडकीतून माझा हात दाबला.

“बाई गेली गा. तिच्याबिगर मी कसा गाऊ?”