पौर्णिमेच्या भरतीत बुडालेली वाट

ओहोटी लागेपर्यंत आम्ही थांबलो असतो तर? देवापुढं बसले की अजूनही हाच प्रश्न आधी समोर येतो आणि जप बाजूला राहतो.

यांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं होतं. त्याआधी कोकणातल्या खडकावरच्या महादेवाला नारळ वाहायचा, असं यांच्या मनानं घेतलं. देऊळ समुद्रात, किनाऱ्यापासून जरा आत. ओहोटीला खडकांवरून चालत जाता येतं. आमच्या जाऊबाई दशमीला भरदुपारी कोरड्या पायांनी जाऊन आल्या होत्या. आम्ही दिवस चांगला म्हणून पौर्णिमा धरली आणि वेळ मात्र जाऊबाईंची. "पाण्याची पाळी ठरलेली असती," हे म्हणाले. निम्मा जन्म फौजेत आणि उरलेला साताऱ्याजवळच्या उसात, कॅनॉलच्या पाळीवर गेलेला. घड्याळावर यांचा देवाइतकाच विश्वास.

पोचलो तर वाटेचा पत्ताच नाही. देवळाच्या चारी बाजूंना पाणी. खडकाला चिकटलेली कालवं, म्हणजे शिंपल्या, काढायला टोपली घेऊन एक बाई ओहोटीची वाट बघत बसल्या होत्या, त्यांच्याकडून कळलं, की भरती रोज पाऊण-एक तास पुढं सरकते. चंद्राप्रमाणं तिची वेळ बदलते आणि पौर्णिमेला तर समुद्राला उधाण येतं. आम्हा घाटावरच्या माणसांना हे कुठलं ठाऊक! आता वाट उघडणार ती दिवस मावळताना.

"थांबूया की. एवढं आलोय तर पाया पडूनच जाऊ," हे म्हणाले.

"आवं, सकाळी दवाखान्यात हजर व्हायचंय. अंधारात घाट नको. बरं वाटलं की परत येऊ."

यांनी नारळ परत पिशवीत ठेवला. मला देवाचाच राग आला. एवढ्या लांबून बोलवायचं आणि दारातून परत पाठवायचं, ही कुठली रीत?

तेवढ्यात त्या बाई उठून जवळ आल्या. "दादा, हेच पाणी आत्ता देवाच्या पायरीला लागलंय. हितंच वाहा नारळ."

हे गुडघाभर पाण्यात उतरले. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, नारळ सोडला आणि बराच वेळ हात जोडून उभे राहिले. वळले तेव्हा चेहरा इतका निवांत होता, की मी बघतच राहिले. "झालं दर्शन. चल," म्हणाले.

ऑपरेशननंतर हे घरी आले नाहीत.

मागच्या वर्षी मी एकटी गेले, तिथी आणि वेळ नीट विचारून. त्या बाई कुठं दिसल्या नाहीत. खडकांवरून चालत गाभाऱ्यापर्यंत पोचले. भांडायला गेले होते, पण तोंडून निघाले ते आभार. यांना हवं होतं ते देवानं त्या दिवशी किनाऱ्यापर्यंत आणून दिलं होतं. ती एक संध्याकाळ मात्र मी द्यायला हवी होती. त्याची चुटपुट जात नाही. तीही तिथंच वाहिली. देवाला सगळं सोपवायचं म्हणजे चुटपुटही त्यातच आली.

पाणी चढायच्या आत निघा, असं पुजारीबुवांनी सांगितलं. मला अजून बसायचं होतं. तरी उठले.