भेटवस्तूंचे गणित शिकवणाऱ्या रमाताई

प्रा. रमाताई ढोले यांची आणि माझी खरी ओळख घाटंजीच्या बाजारात झाली. कॉलेजात संगणकशास्त्र शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो. ताई विभागप्रमुख. वार्षिक बक्षिसांच्या खरेदीला निघताना त्यांनी मलाही सोबत नेले. प्रत्येक बक्षिसाची रक्कम ठरलेली होती. ती पूर्ण रोख द्यायची, नाहीतर तिच्या आत बसणारी एखादी वस्तू द्यायची. दुकानात देण्याजोग्या वस्तू एकेकच, त्याही थोड्या होत्या; विजेते जास्त. सर्वांत स्वस्त असा पेनांचा संच मी शेवटच्या विजेत्यासाठी बाजूला काढला.

"सर, तो पहिल्या नंबराले द्या," ताई म्हणाल्या.

"पहिल्यालाच स्वस्त वस्तू?"

"त्याले वस्तू नाही देली तं रोख देणं सर्वात भारी पडते. शेवटच्याले रोख देलं तरी थोडकंच जाते."

हाच हिशेब त्यांनी पुढे वर्गात 'ग्रीडी अल्गोरिदम' म्हणून मांडला. ज्याचा हक्क, म्हणजे बक्षिसाची रक्कम, सर्वांत मोठा त्याला आधी घ्यायचे, उरलेल्यातली सर्वांत स्वस्त वस्तू द्यायची, आणि एकदा दिलेले बदलायचे नाही. वस्तू संपल्या किंवा रकमेत बसेनाशा झाल्या की बाकीच्यांना रोख. एकूण खर्च सर्वांत कमी होतो. वाचलेल्या पैशांतून ताई गरजू मुलांची परीक्षा फी भरत, हे मला फार उशिरा कळले.

मारेगावकडच्या एका विद्यार्थिनीची राहण्याची सोय होईना, तेव्हा ताईंनी तिला घरीच ठेवून घेतले. ताईंची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. तिने आपली खाट त्या मुलीला दिली आणि स्वतः खाली गादी टाकली. मी तिला सहज विचारले, "तुला राग येत नाही का गं?"

ती हसली. "आई तं माहीच आहे न, सर. ते कुठं जाते?"

पुढे प्रज्ञा नागपूरला शिकायला गेली. तिला ताप आल्याचा फोन आला तेव्हा आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा सुरू होती. "पोरायचं वर्ष जाईन, बेटा. आटोपलं की निघतेच," असे ताई तिला म्हणाल्या. ताप डेंग्यूचा निघाला. ताई पोहोचल्या तेव्हा प्रज्ञा कुणाला ओळखत नव्हती. त्यातच ती गेली.

ताई पुन्हा शिकवू लागल्या, आणि भेटवस्तूंचा तोच धडा आला. त्यांना एकटे सोडवेना म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. एका विद्यार्थ्याने दरवर्षीचाच प्रश्न विचारला, "म्याडम, ज्याचा हक्क मोठा, त्यालेच कमी काहून?"

ताईंचा खडू थांबला. "माह्या पोरीनं हे कधी इचारलंच नाही," त्या हळूच म्हणाल्या. मग त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि फळ्यावरची सिद्धता पूर्ण केली.

ताईंच्या पंचाहत्तरीचा सत्कार आम्ही ठरवला, त्यासाठीच हे लिहितो आहे; पण त्याला त्यांनी आधी नकारच दिला. "कायले करता? ज्यानं पाहावं ते माणूस नाही." मारेगावची ती विद्यार्थिनी आता केळापूरला शिक्षिका आहे. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली. "मी आहो न, म्याडम."

ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "तू आहेस, बाई. पण प्रज्ञा नाही न आता." मग म्हणाल्या, "करा. तुमचं मन मोडवत नाही."

ताईंना दीर्घायुष्य चिंतताना माझा हात थबकतो. त्यांनी ते मागितलेले नाही. मागतो आहोत ते आम्ही, आमच्यासाठी. ताई, तुमच्या गुडघ्यांना आराम पडो, रात्री शांत झोप लागो, आणि आम्ही दारात हाक मारली की आतून तुमचे "या" आम्हाला पुष्कळ वर्षे ऐकू येवो.