‘रिव्हाइव्ह’चा अर्थ

मैत्रिणींनो, आज सकाळी मुरुडच्या किनाऱ्यावर रखमा कोळणीच्या बुडालेल्या नवऱ्याला कुंभाराच्या चाकावर पालथं घालून फिरवत होते. पोटातलं पाणी निघालं, पण श्वास परतला नाही.

आगबोटीवरच्या गोऱ्या डॉक्टरने नाडी पाहिली आणि मला इंग्रजीत सांगितलं, याला ‘रिव्हाइव्ह’ करणं आता अशक्य आहे.

रखमाने माझा हात धरला. “बाय गो, सायब काय बोलला?”

हा शब्द वडिलांनी घरीच शिकवला होता. ‘रि’ म्हणजे पुन्हा. पुढचा भाग लॅटिन, आपल्या ‘जीव’चाच भाऊबंद.

मी एवढंच म्हणाले, “पुन्हा जिवंत करणं.”

“मंग थांबलाव कशाला? फिरवा!” ती ओरडली.

चाक दुपारपर्यंत फिरत होतं. मी शब्दाचा अर्थ सांगितला, वाक्याचा नाही.

तुम्हाला सांगता आला असता?