मुदत संपायच्या आधीच

कुणी नवं माणूस कामाला लागलं, की आमचे सर चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "चला, अजून एक घाईवालं आलं!"

औरंगपुऱ्यात कापडाच्या दुकानाच्या वर आमचं छोटं ऑफिस. औषध दुकानांसाठी सॉफ्टवेअर करायचं. त्यातला बहुतेक कोड सरांच्या हातचा. नव्या लोकांचा त्यांना मोठा घोर. "मशीनकडून लिहून घेतात. चाललं की झालं! का चाललं, ते कुणाला कळतंय? उद्या बिघडलं तर निस्तरणार कोण?" आम्ही हसायचो. पण काळजी खरी होती, आणि त्यातली थोडी स्वतःबद्दलचीही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

मग चितेगावहून एक बाई आल्या. दोन लेकरांची आई. आठ वर्षं औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला होत्या, मग क्लास लावून प्रोग्रामिंग शिकल्या. सरांनी पहिल्याच दिवशी त्यांना जुना कोड उघडून दिला. "लिहायचं नाय. नुसतं वाचायचं."

तिसऱ्या आठवड्यात बाई सरांच्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. "सर, इथं चुकलंय बघा. पाकिटावर मुदतीचा नुसता महिना छापतात. म्हणजे औषध त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत चालतं. आपला प्रोग्राम एक तारखेलाच बाद करतोय."

"कोण म्हणतं?"

"आठ वर्षं मीच छापलंय की ते."

तेवढा भाग सरांनीच आदल्या दिवाळीनंतर लिहिला होता. तेव्हापासून दुकानांतली चांगली औषधं महिनाभर आधीच बाजूला पडत होती. सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि एकदम मोठ्यानं हसले. "व्हय हो! लई शहाणा समजत होतो स्वतःला."

दुरुस्ती त्यांनी बाईंनाच करू दिली. स्वतः शेजारी खुर्ची ओढून बसले. चहा पिता पिता हळूच म्हणाले, "मला वाटायचं, तुम्ही लोक आलात म्हणजे माझीच मुदत संपली."

"महिना अजून जायचाय, सर," बाई म्हणाल्या.

सर आता निवृत्त आहेत. बाईंनी चितेगावात मुलींसाठी प्रोग्रामिंगचा शनिवारचा वर्ग काढलाय, तिथं सरही शिकवायला जातात. परवा मी सहज डोकावलो. फळ्यापाशी बाई होत्या, आणि सर शेवटच्या बाकावर, दोन मुलींच्या मधे अंग चोरून, वहीत उतरवून घेत होते. माझ्याकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. त्यांनी हात वर केला.

"मॅडम, हे परत सांगा. मला नाय कळलं."