पणजोबांचा कागद मी कसा वाचला

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही — बायकोजवळही नाही. आज तुमच्याजवळ का बोलतोय? ठाऊक नाही. ती दुपार हल्ली डोळे उघडे असतानाच समोर येते, पाण्याखालची वस्तू हलावी तशी हलत राहते.

मी मंगळवार पेठेत राहतो, शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. मोडी वाचता येते, म्हणून लोक जुने कागद घेऊन येतात. तशीच एलेन आली — सत्तरीची, कॅलिफोर्नियाची, हळू बोलणारी. तिचे आजोबा तरुणपणी बोटीवर नोकरी धरून इथून गेले, तिकडेच मळा केला, लग्न केलं. आडनाव मल्कर. हे आडनाव मूळचं कुठलं, एवढंच तिला हवं होतं. आणि आजोबांच्या पेटीत निघालेला एक कागद वाचून हवा होता.

आधी तिने फोटो दिला. पीचच्या झाडाखाली एक म्हातारा, मांडीवर छोटी एलेन. त्याचे ते लांब, पुढे आलेले कान — मी रोज आरशात बघतो.

मग कागद. खाली सही — रामचंद्र मलकापुरे.

कसं सांगू? आमचं आडनाव शिरोळे, पण ते आमचं नाही. माझे पणजोबा रामचंद्र मलकापुरे पोटुशा पणजीला, चंद्राला, सोडून गेले, ते परतलेच नाहीत. पणजी माहेरी राहिली. आज्जाला शाळेत घालताना त्याच्या मामाने आपलं आडनाव लावलं. आज्जा मरेपर्यंत म्हणायचा, "बापाला आमी नको हुतो." माझ्या वडिलांनीही तेच धरून ठेवलं होतं.

म्हणजे समोर बसलेली ही बाई माझ्या वडिलांची चुलत बहीण होती. आणि वडील आतल्या खोलीत शेंगा फोडत बसले होते.

कागदावर होतं — चंद्रास आशीर्वाद. मूल झाले असेल. मुलगा असो वा मुलगी, माझे आडनाव लावावे. पुढील साली दोघांस नेण्यास येतो.

न पाठवलेलं पत्र. का पाठवलं नाही? कुणाला विचारणार?

अक्षरं डोळ्यांपुढे तरंगत होती. खिडकीतून ऊन फोटोवर आलं होतं. त्या मांडीवर माझा आज्जा कधी बसला नाही — एवढंच मनात होतं. मग माझा आवाज मलाच लांबून ऐकू आला. मी ओळींवर बोट फिरवत म्हणालो, ही बियाण्यांची यादी आहे. जोंधळा, भुईमूग, मिरची. तिने एकेक शब्द वहीत उतरवून घेतला.

आडनाव मात्र खरं सांगितलं. मलकापूरचे म्हणून मलकापुरे, तिकडे जिभेला जमलं नाही म्हणून मल्कर. तिचा चेहरा उजळला. घरातलं इथे कुणी आहे का, तिने विचारलं.

मी म्हणालो, कुणी उरलं नाही.

ती गेल्यावर वडिलांनी हाक मारली. "कोण आलतं रं?"

"पावणी हुती. पत्ता चुकली."

"च्या तरी दिलास न्हवं?"

"व्हय," मी म्हणालो.

तेव्हा तरी सांगता आलं असतं. त्यानंतर वडील आठ महिने जगले, रोज सकाळी मी त्यांच्याशेजारी बसून पेपर वाचून दाखवायचो. आठ महिन्यांतली एकही सकाळ मला पुरली नाही?

पुढे एलेनने आपल्या घराण्याचं छोटं पुस्तक छापून मला पाठवलं. त्यात बियाण्यांची यादी आहे, वाचून दिल्याबद्दल माझे आभार आहेत. भारतातली शाखा संपली, असंही लिहिलंय. दोन वर्षांनी तिच्या मुलाने ती गेल्याचं कळवलं. मी सांत्वनाच्या चार ओळी लिहिल्या, बाकी काही लिहिलं नाही.

बापाला आपण नको होतो, असं समजून माझा आज्जा गेला. तो माझा दोष नाही. पण तेच समजून माझे वडील गेले. तो माझा.