फोटोपुरता बेल्ट

कळंबच्या रविराजनं सहा महिने घासून परांची बांधायचं सर्टिफिकेट मिळवलं आणि बारामतीत एका पाच मजली इमारतीवर कामाला लागला. पहिल्याच सकाळी ठेकेदारानं सगळ्यांना सेफ्टी बेल्ट लावून फोटो काढला, आणि फोटो होताच बेल्ट काढून घेऊन पेटीत कोंबले.

"बेल्टबिगर मी वर चढणार न्हाय," रविराज म्हणाला.

"मग घरी जा. चढणारे छप्पन भेटतील."

रविराज निघाला. गेटवरच्या फळ्यावर 'आमचे प्रशिक्षित कामगार' असं लिहून खाली त्याच्याच सर्टिफिकेटची झेरॉक्स डकवलेली! त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं ती झेरॉक्स टराटरा फाडली.

"अरं, आज तपासणीला साहेब येणार हायत!" ठेकेदार ओरडला.

"मग तुमीच चढा की वर, बेल्टबिगर. फोटो मी काढतो."